काळी चार

शिरढोणच्या पोरांना शाळेच्या प्रकल्पासाठी विषय शोधावा लागत नाही. तो गावानेच देऊन ठेवला आहे. पहिलीत वासुदेव बळवंत फडक्यांचं चित्र काढायचं, दाढी रंगवता रंगवता काळा खडू संपवायचा. चौथीत त्यांच्यावर भाषण, सातवीत कार्डशीटवर तक्ता, नववीत निबंध. ४ नोव्हेंबर १८४५ ही त्यांची जन्मतारीख आम्हाला स्वतःच्या वाढदिवसाआधी पाठ होते. वाडा गावात, स्मारक गावात, आणि त्यांचे आजोबा ज्याचे किल्लेदार होते तो कर्नाळ्याचा सुळका मागच्या दारातून दिसतो. संदर्भसाहित्य म्हणून आणखी काय हवं?

त्यामुळे पनवेलच्या कॉलेजात बीएएमएमसीला, म्हणजे माध्यमांच्या पदवीला, आल्यावर ‘मासिकाची रचना आणि निर्मिती’ असा प्रकल्प समोर आला तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की आयुष्यात एक तरी काम फडक्यांवाचून करायचं. मी संगीताचं मासिक काढायला घेतलं. घरी सांगितलं तर आजोबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “त्यात फडके कुठं येतात?”

“येत नाहीत.”

“मग गावात घेणार कोण?”

मी दुर्लक्ष केलं. पण ‘या महिन्यातले कार्यक्रम’ हे पान लावायला बसले आणि लक्षात आलं, की पनवेलमध्ये संगीताचा कुठलाही मोठा कार्यक्रम ज्या सभागृहात होतो त्याचं नाव आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. भावगीतं असोत, नाट्यसंगीत असो, ठिकाण तेच. पानावर गायकांची नावं बारीक टायपात आणि फडके ओळीओळीला. आजोबांना ते पान फार आवडलं.

कॉलेजात पहिल्या तासाला मॅडमनी परदेशी संगीत-मासिकांची कव्हरं पडद्यावर दाखवली आणि नियम लिहून दिले. नाव वर आणि ठसठशीत. डाव्या बाजूला आतल्या लेखांचे मथळे. खाली उजवीकडे बारकोड, विकायचं नसलं तरी. आणि मधोमध एकच चेहरा, थेट वाचकाच्या डोळ्यांत बघणारा. त्याचं डोकं नावातल्या अक्षरांवर थोडं चढलेलं असावं, म्हणजे तो माणूस पानातून बाहेर येतोय असं वाटतं. ‘रोलिंग स्टोन’चा ९ नोव्हेंबर १९६७ चा पहिला अंक दाखवला, त्यावर एका सिनेमातल्या सैनिकाच्या वेषात, डोक्यावर शिरस्त्राण घातलेला जॉन लेनन. एकटा. बीटल्स चौघे होते, पण कव्हरवर एकटा. मॅडम म्हणाल्या, “एक चेहरा म्हणजे एक गोष्ट. गर्दी केली की वाचक पळतो.”

आता शिरढोणला एकटा गाणारा माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे संगीत म्हणजे भजनी मंडळ, बेंजो पार्टी, हळदीचा डीजे आणि लग्नातल्या धवलारणी. सगळा घोळक्याचा मामला. एकट्याने गाणारा एकच कलाकार मला माहीत आहे, तो कर्नाळा अभयारण्यात राहतो. शीळकरी कस्तूर नावाचा निळसर काळा पक्षी आहे, पावसाळ्यात पहाटे ओढ्याकाठी शीळ घालतो, अगदी माणसासारखी, गाणं अर्धवट येणाऱ्या आणि त्याची जराही लाज नसलेल्या माणसासारखी. त्याला कव्हरवर घ्यावं असं एकदा मनात आलं होतं. पण तो वाचकाच्या डोळ्यांत बघायला तयार होईना.

तेव्हा भजनी मंडळ. मंडळात चौदा जण. बुवा, पखवाजवाले काका आणि बाकी टाळकरी. मी बुवांना सांगितलं, की मुखपृष्ठावर फक्त तुमचा फोटो घेणार. बुवा खूश व्हायला हवे होते. ते गंभीर झाले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “आनि बाकीच्यांला काय सांगू? तेरा जनांतला कनाला सोरायचा, तूच सांग बाला.”

मी मॅडमचा नियम सांगितला. बुवांनी माझ्याकडे, मुलगी हुशार आहे पण घरी कुणी शिकवलं नाही, अशा नजरेने पाहिलं. मग त्यांनी मला भजनाला बसवलं. तिथे मला जे दिसलं ते माझ्या वर्गाच्या वहीत नव्हतं. बुवा एक ओळ म्हणतात आणि सोडून देतात. ती टाळकरी उचलतात, वर नेतात, दोनदा घोळवतात, आणि तेवढ्यात बुवा श्वास घेतात, पाण्याचा घोट घेतात, पेटीवरचा चष्मा पुसतात, पुढच्या अभंगाचं पहिलं अक्षर आठवतात. टाळकऱ्यांनी ओळ उचलली नाही तर बुवा तिसऱ्या अभंगाला गळाठतील. तेरा जणांच्या फुप्फुसांवर एक माणूस बुवा असतो. मागच्या रांगेत एक आजोबा आहेत, त्यांना गाता येत नाही, हे त्यांच्यासकट सगळ्यांना माहीत आहे. पण लय कुठे पळायला लागली की त्यांचा टाळ जागचा हलत नाही आणि पखवाज मुकाट्याने त्यांच्याकडे परत येतो. आता यांतला कुठला चेहरा काढून ‘एक गोष्ट’ करायची?

शिवाय गावाला कव्हरची सवय नाही, फ्लेक्सची आहे. मुंबई-गोवा महामार्गाने पळस्पे फाट्यावरून आमच्याकडे या. वाढदिवस, निवड, पुण्यतिथी, दहावीचा निकाल, सगळ्याचे फ्लेक्स दुतर्फा दिसतील. फ्लेक्सचं एक शास्त्र आहे आणि ते मॅडमच्या वहीपेक्षा फार सूक्ष्म आहे. कोणाचं डोकं केवढं, कोण उजवीकडे, कोणाच्या नावापुढे ‘शेठ’, कोण खाली ‘शुभेच्छुक’च्या रांगेत पासपोर्ट आकारात. एक डोकं राहिलं तर वर्षभर त्या घरचं आमंत्रण येत नाही. परदेशातला कलासंपादक एक चेहरा निवडतो म्हणून त्याचं कौतुक होतं. पनवेलचा फ्लेक्सवाला एका फलकावर चाळीस चेहरे बसवतो आणि एकालाही आपण लहान झालो असं वाटू देत नाही. त्याच्यावर अजून कोणी प्रबंध लिहिलेला नाही.

म्हणून कव्हरवर चौदाही जण. चार पुढे बसलेले, दहा मागे उभे. मासिकाचं नाव मी ‘काळी चार’ ठेवलं होतं, कारण बुवांची पट्टी ती. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी. तिथे षड्ज लावायचा म्हणजे वरच्या टिपेला घरातल्या कोंबड्या बाहेर पडतात. नाव वर, ठसठशीत, नियमाप्रमाणे डोकी थोडी चढलेली. छापून बघितलं तर मागच्या रांगेतल्या सगळ्यात उंच टाळकऱ्याची पांढरी टोपी नेमकी ‘ळी’वर आलेली. कव्हरवर वाचलं जात होतं: ‘का चार’.

पखवाजवाल्या काकांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “का चार? चवदा हाव ना!”

इंग्रजी मासिकाच्या नावातली मधली दोन अक्षरं झाकली तरी चालतं, कारण त्या अक्षरांवर ना काना ना वेलांटी. आपल्याकडे टोपी इकडची तिकडे झाली की प्रश्न उपस्थित होतो. मी उंच काकांना टोपी काढायला सांगितलं. “भजनान टोपी कारीत नाय,” ते म्हणाले. मग नाव खाली आणावं म्हटलं, तर खाली पाय. अक्षरं पायाखाली कशी घ्यायची? सरस्वती असते ती. शेवटी उंच काकांना पुढे बसवलं. ते बसले तरी इतरांपेक्षा उंचच, त्यांच्यामागे दोघे जण झाकले गेले, त्या दोघांना बाजूला घेतलं, त्यात पखवाज चौकटीबाहेर गेला. पखवाजाशिवाय फोटो म्हणजे देवाशिवाय देव्हारा, असं ठरलं. मग पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या वेळात दोन अभंग झाले असते, असं बुवा म्हणाले आणि त्यांनी खरंच दोन अभंग म्हणून घेतले.

आतली पानं भरणं त्यामानाने सोपं होतं, असं मला फोटोच्या त्या दुपारी वाटत होतं. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ने १४ नोव्हेंबर १९५२ ला इंग्लंडमधली पहिली विक्री-क्रमवारी छापली, ती वीसेक रेकॉर्डच्या दुकानांना फोन करून. म्हटलं, आपणही ‘शिरढोण टॉप टेन’ करू. पण रेकॉर्डचं दुकान नाही, कॅसेटचं होतं ते मोबाइलच्या कव्हरांचं झालं. मग हळदीला गेले आणि डीजेवाल्या दादाला विचारलं, लोकांना सध्या कुठलं गाणं जास्त आवडतं? तो म्हणाला, “मी वाजवतो ते.” त्याच्या दृष्टीने क्रमवारी त्याच्या लॅपटॉपमध्ये होती आणि पहिल्या दहांत दहाही आगरी-कोळी गाणी त्याच्या मित्रांनीच केलेली. आमच्याकडच्या हळदीत आवाज इतका असतो, की आवडनिवड हा प्रश्न छातीच्या पिंजऱ्यातच सुटतो. मी ती क्रमवारी तशीच छापली. प्रामाणिकपणात १९५२ च्या यादीपेक्षा फार मागे पडली नसेल.

धवलारणींवर मात्र मला मनापासून दोन पानं करायची होती. आगरी लग्नात धवले म्हणणाऱ्या या बायका. विधी त्यांच्या गाण्यावर पुढे सरकतो, त्या थांबल्या तर नवरदेवही थांबतो. गावातल्या एका आजींकडे रेकॉर्डर घेऊन बसले आणि म्हटलं, आजी, एक धवला म्हणा.

“लगीन कनाचा?” आजी म्हणाल्या.

“कोणाचं नाही. मासिकासाठी.”

“मंग कसा म्हनू? तुजा ठरला क?”

नाही म्हटल्यावर आजींचा धवल्यातला रस संपला आणि माझ्यातला सुरू झाला. शिक्षण किती, वय किती, उंची किती, मासिकाच्या कामाचा पगार असतो का. मुलाखत झाली, फक्त ती त्यांनी घेतली. दोन पानांच्या ऐवजी एक पान आणि आजींचा फोटो आला. थेट वाचकाच्या डोळ्यांत बघणारा चेहरा म्हणाल तर साऱ्या अंकात तो एकच, आणि तो बघताना अजूनही आपलं स्थळ बघितलं जातंय असं वाटतं.

या सगळ्यात मधेच एका रात्री मी विचार केला, की मराठी माणसाने संगीताचं मासिक काढण्याचा हा खटाटोप पहिला नसणारच. शोधलं तर बरंच सापडलं, आणि धीर येण्याऐवजी घाम आला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मुंबईत ‘संगीत दर्पण’ नावाचं मासिक चालवलं. पुढे दम्याने त्यांना मुंबई सोडायला लावली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, नोटेशनची पुस्तकं छापण्यासाठी स्वतःचा छापखाना घातला आणि ‘संगीतामृतप्रवाह’ हे मासिकही चालवलं. पुढे मुंबईत विद्यालयाची इमारत बांधली, ती कर्जापायी लिलावात गेली. उत्तरेत हाथरसहून १९३५ पासून ‘संगीत’ हे मासिक निघायला लागलं, ते काढणारे प्रभुलाल गर्ग, म्हणजे विनोदी कवी काका हाथरसी. संगीताचं मासिक काढायचं तर विनोदबुद्धी शाबूत पाहिजे, हे त्यांना आधीच उमगलं असावं. आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ तर १९४७ चं. त्या मंडळाचं ठाणं आज वाशीला, म्हणजे आमच्यापासून एका लोकलच्या अंतरावर. हे मी घरी वाचून दाखवलं. बाबांनी बाकी सगळं सोडून एकच शब्द धरला. “लिलाव?”

पलुसकरांनी स्वतःचा छापखाना का घातला, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. मी अंकात एका अभंगाच्या चालीचं नोटेशन देणार होते आणि ते जुळवायला पनवेलमध्ये एका डीटीपीवाल्या दादांकडे गेले. ते लग्नपत्रिकांतले वाकबगार. ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ हे त्यांच्या संगणकात तयारच असतं.

भातखंडे पद्धतीत तार सप्तकाच्या स्वराच्या डोक्यावर टिंब असतं, मंद्राच्या पायाशी टिंब, कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. टिंब म्हणून मराठीत सगळे अनुस्वारच टाइप करतात. दादांनी पहिलं प्रूफ दिलं. त्यात ‘सा’वरचे, ‘ग’वरचे अनुस्वार शुद्धलेखनाच्या चुका म्हणून काढून टाकलेले. सगळी चाल वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आली होती. मी समजावलं. दुसऱ्या प्रुफात अनुस्वार परत आले, पण तार पंचमाच्या जागी जिथे जिथे ‘पं’ होता तिथे ‘पंडित’ आलं. “पंच्या पुढे टिंब राहून गेलं होतं तुमचं, मी पूर्णच लिहून टाकलं,” दादा म्हणाले. चाल अशी झाली होती: सा, नि, पंडित, म. कोमल स्वरांखालच्या रेघा त्यांनी, महत्त्वाचे शब्द असतील म्हणून, ठळक करून लाल रंगात घेतल्या. आणि खालच्या ओळीत, गाण्याचं अक्षर लांबवायची अवग्रहाची चिन्हं बघून तर त्यांना माझीच काळजी वाटली. “मॅडम, अभंगात मधेमधे इंग्रजी एस कशाला घातलेत?”

त्यांच्यावर चिडायचा मला अधिकार नव्हता, कारण आपल्या थोरांनीच पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांची परीक्षा घेऊन ठेवली आहे. भातखंड्यांच्या लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे तार सप्तक. पलुसकरांच्या लिपीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, तारेला उभी रेघ. तेच टिंब, तीच जागा, आणि गायक एक तर माळ्यावर नाहीतर विहिरीत. कुठल्या पद्धतीने वाचायचं हे वर लिहिलं नाही, तर एकाच पानावरून दोन माणसं दोन सप्तकांच्या अंतराने गाऊ शकतात आणि दोघेही बरोबर असतात. बुवांना मी तिसरं, निर्दोष प्रूफ दाखवलं. त्यांनी ते दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं, आणि म्हणाले, “झ्याक. यो अभंग कनचा?” तो त्यांचाच होता. आदल्या रात्री म्हटलेला.

छपाईचं फार सांगत नाही, कारण ते दुःख सर्वांचं सारखं असतं. फोटो व्हॉट्सॲपवर आलेले, म्हणून चेहऱ्यांचे चौकोन झालेले. पडद्यावर लखलखणारा राणी रंग कागदावर वांगी झाला. पडदा उजेडाचे तीन रंग मिसळतो आणि कागद शाईचे चार, त्यांचं आपसात पटत नाही. पिन मारायच्या अंकाची पानं चाराच्या पटीत लागतात. माझी भरली अठरा. उरलेली दोन मामाच्या मंडप डेकोरेटर्सने आणि ‘शुभेच्छुक’ या सदराने भरून काढली. मॅडमनी ते सदर बघून कपाळाला हात लावला, पण अंकाचा खर्च त्यातूनच निघाला, हे त्यांच्या वहीत नव्हतं.

गावात रोज पेपर वाचणारे एक काका आहेत. त्यांनी अंक उलटा धरून पहिल्यांदा मागचं पान तपासलं. “नोंदणी क्रमांक? मुद्रक? प्रकाशक?” मी सांगितलं, की हा कॉलेजचा प्रकल्प आहे, म्हणून वर ‘फक्त खाजगी वितरणासाठी’ असं छापलंय. ते ऐकेनात. छापखान्यांचा १८६७ चा कायदा मार्च २०२४ मध्ये जाऊन नवा आला, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत नसेल याचा त्यांना आनंद होता. तेव्हा आजोबा मदतीला धावले. म्हणाले, “१८७९ ला फडक्यांनी जाहीरनामा काढला तवा त्यो जुना कायदा व्हताच की. त्यांनी कुटं नंबर घेतला?” पेपरवाले काका गप्प झाले. फडके अशा रीतीने माझ्या बाजूने उभे राहिले आणि मी त्यांना अंकाबाहेर ठेवायचा नाद सोडला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी अंक चाळला आणि ठरलेला प्रश्न विचारला, “वाचकवर्ग कोण? वय, उत्पन्न, आवडीनिवडी?”

मी म्हटलं, “चौदा जण, सर. आणि त्यांच्या घरचे.”

ते हसले, त्यांना तो नम्रपणा वाटला. पण मी मोजमाप सांगत होते. वाटप झालं त्या संध्याकाळी मी देवळाच्या पायरीवर बसून पाहिलं आहे. प्रत्येकाने अंक उघडला, स्वतःचा फोटो शोधला, शेजाऱ्याला दाखवला, शेजाऱ्याने स्वतःचा दाखवला, आणि अंक मिटून पिशवीत गेला. संपादकीय कोणी वाचलं नाही. पलुसकर-भातखंडे कोणी वाचले नाहीत. उंच काकांनी तेवढी तक्रार केली, की बसल्यामुळे आपण बुटके दिसतो. परदेशी संपादक ज्या वाचकाला नजरेने खिळवायला एक चेहरा लावतात, तो वाचक माझ्या अंकात आपणच चेहरा होऊन बसला होता. त्याला खिळवायची गरजच नव्हती. गुण मला बरे मिळाले, मांडणीत कमी, ‘आशयाशी बांधिलकी’ या रकान्यात जास्त.

आता अडचण दुसरीच आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या बुवांचा फोन आला. आमच्या बुवांशी त्यांची डबल बारी, म्हणजे भजनाचा सामना, असते. गेल्या वेळची कोण जिंकलं यावर दोन्ही गावांत एकमत नाही. त्यांना पुढच्या अंकात चौदा नाही, सतरा जण हवे आहेत. त्याची मी तयारी केली आहे, फ्लेक्सवाल्या दादांकडे शिकवणी लावते. पण त्यांची मुख्य अट नावाबद्दल आहे.

“तुमचा बुवा गातो काली चारला,” ते म्हणाले. “आमी काली पाचला गातो. आमचा फोटू येल त्या अंकाचा नाव बदलायचा.”

मी आमच्या बुवांना विचारलं. ते म्हणाले, बदल. फक्त आत कुठेतरी, बारीक टायपात का होईना, त्यांची पेटी अर्ध्या सुराने उतरलेली असते, एवढं छाप.